तीन मिनिटांची शांतता

ड्रोन पोफळीत घुसला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात माझा नवरा रिमोटच्या दोन्ही काड्या सोडून उभा होता. काड्या सोडल्या की आहे तिथे थांबायचं, ही त्या यंत्राची दोन वर्षांची शिस्त. त्या दिवशी ते थांबलं नाही. पूर्वेच्या गार वाऱ्याबरोबर, कुणी बोट धरून न्यावं तसं, मुकाट सरकत गेलं, सरकता सरकता खाली येऊ लागलं आणि कुंपणाजवळच्या पोफळीला जाऊन बिलगलं. दोन पंखे तुटले. पोफळीला काही झालं नाही.

"सॅटेलाइट गेले," नवरा म्हणाला.

"कुठे गेले?" ओटीवरून नानांनी विचारलं.

नाना म्हणजे माझे वडील. पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. खलाशी त्यांना मार्कोनीसाब म्हणत. आता अलिबागजवळच्या आमच्या वाडीत असतात. आम्ही पुण्याहून सुट्टीला जातो. नवरा सॉफ्टवेअरमधला. ड्रोन त्याने स्वतः जोडलाय: फ्रेम एकीकडची, मोटारी दुसरीकडच्या, पोटाशी अ‍ॅक्शन कॅमेरा आणि वर चार बोटं उंच काडीवर, बामाच्या डबीएवढी जीपीएसची डबी. सासरे-जावई एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात, त्यामुळे त्यांचं भांडण लांबून फार सभ्य दिसतं. नानांच्या तोंडून 'जावईबापू' निघालं की समजावं, पारा चढलाय.

"चौदा दिसत होते, ते सहावर आले," नवऱ्याने लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. लॉगमध्ये सगळं होतं. उपग्रहांची रेघ धाडकन खाली आलेली. त्यानंतर काही सेकंदांत ड्रोनने आपल्याला आपली जागा नीट कळत नाही हे ओळखलेलं, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे खाली उतरायला घेतलेलं. जागा कळत नसताना उतरायचं म्हणजे वारा नेईल तिकडे उतरायचं.

"ते गेले नाहीत. वीस हजार किलोमीटर वर आहेत तिथे आहेत. दिवसाला दोन फेऱ्या मारतात. तुमच्या यंत्राला ऐकू येईनासे झाले, असं म्हणा."

"तेच ते."

"तेच कसं? एकात दोष त्यांचा, एकात आपला."

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. डबी जुनी, पाच वर्षांची. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी. बाजारात आता दोन फ्रिक्वेन्सींच्या डब्या मिळतात. ती आणायची, लावायची, विषय संपला. यंत्राने जागा धरून ठेवणं हे यंत्राचं काम आहे, त्यासाठी आपण पैसे मोजतो. माणसाने कॅमेऱ्याकडे लक्ष द्यावं.

नानांना हे 'बदलून टाका' प्रकरण मुळातच रुचत नाही. पण सुरुवातीला त्यांचाही नेम चुकलाच. ते म्हणाले, "आधी सूर्यावर काही चाललंय का बघा. आयनोस्फिअर हललं की सगळं हलतं. आमचे शॉर्टवेव्हचे बँड सूर्य मावळला की पार बदलायचे."

"नाना, सकाळचे साडेआठ वाजलेत."

"म्हणून काय झालं?"

"आपल्या अक्षांशांवर जीपीएसला आयनोस्फिअरचा जो त्रास होतो ना, तो मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या काही तासांत. तोही मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास जास्त. आत्ता जानेवारी आहे. चुंबकीय वादळ म्हणाल तर २०२४ च्या मे महिन्यात झालं तसं, त्याचा केपी निर्देशांक ९ वर गेला होता, लडाखात हानलेच्या आकाशात लाली दिसली होती. आज केपी २ आहे." त्याने फोन दाखवला.

नानांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, आकडा पाहिला आणि परत दिला. 'चुकलं' असं ते म्हणत नाहीत. फोन परत देणं म्हणजेच ते.

मग म्हणाले, "उपग्रह किती वॅटने बोलतो?"

"पंचवीस-पन्नास. जुन्या पिवळ्या बल्बएवढं."

"आणि खाली किती पोहोचतं?"

नवऱ्याने मनाशी हिशेब केला. "एका वॅटचे कोटी भाग करा. त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी. त्यातल्या एकाचा साधारण शंभरावा हिस्सा."

"गोंगाटाच्या वर की खाली?"

"खाली. पण रिसीव्हरला प्रत्येक उपग्रहाची खूण पाठ असते. १०२३ ठोक्यांची, दर मिलिसेकंदाला तीच. ती जुळवत जुळवत तो गोंगाटातून नेमका आवाज बाहेर काढतो."

हे ऐकून नाना खुलले. "म्हणजे मोर्सचा हात ओळखण्यासारखं! खरखरीत बुडालेला असला तरी बॉम्बे रेडिओचा व्हीडब्ल्यूबी मी अर्धवट झोपेत ओळखायचो. फक्त शेजारच्या केबिनमध्ये कुणी दाढीचं मशीन लावलं, की संपलं."

"माझ्या ड्रोनवर कुणी दाढी करत नाही."

"बघू."

मी आत चटणीसाठी मिक्सर लावला होता, तो बंद करून बाहेर आले. कारण आता बोलणं दुसरीकडेच वळलं होतं.

"माझं विचाराल तर," नाना सांगत होते, "जीपीएस बंद करून हाताने उडवायला शिका. नुसती उंची धरणारा मोड आहे ना? त्यात."

"अल्टहोल्ड. आहे की. पण नाना, दीडशे मीटरवर तो एक ठिपका असतो. तोंड इकडे की तिकडे, तेही कळत नाही. वारा असला तर डावं-उजवं उलटं होतं. हाताने उडवणं म्हणजे काही बैलगाडी हाकणं नाही."

"म्हणून तर आधी दहा मीटरवर शिका म्हणतो. आमच्या जहाजावर सॅटनॅव्ह आला तेव्हाचा, ट्रान्झिट म्हणायचे त्याला, तो तासाला-दोन तासाला एकदा जागा सांगायचा. मधल्या वेळात? सेकंड मेट वेग, दिशा, प्रवाह धरून नकाशावर पेन्सिल चालवायचा. तुमच्या यंत्राच्या पोटात तशी पेन्सिल आहे का?"

"आहे, अ‍ॅक्सिलरोमीटर. पण त्याची चूक साचत जाते. काही सेकंदांत मीटरभर, मग भराभर वाढते."

"म्हणजे काही सेकंदांनंतर पेन्सिल तुमच्या हातात हवी, जावईबापू."

आला शब्द. नवराही मग चिडलाच. "खरं सांगू? तुमचा राग माझ्यावर नाही, उपग्रहांवर आहे. १ फेब्रुवारी १९९९."

ही तारीख आमच्या घरात कुणी सहसा काढत नाही. त्या दिवसापासून जहाजांवरची नवी संकटसंदेशाची व्यवस्था पूर्ण लागू झाली. उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओ आले, आणि मोर्स जाणणारा माणूस जहाजावर असलाच पाहिजे हा नियम गेला. नानांची खुर्ची त्याच्याबरोबर गेली. नवऱ्याला बोलल्यावर कळलं असावं. तो लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला, जिची त्या क्षणी काही गरज नव्हती.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राग कसला. बुडणाऱ्याला आता एक बटण दाबलं की पुरतं, ते चांगलंच झालं. पण या, एक दाखवतो."

आमच्या माजघरात एक गोल पितळी घड्याळ आहे. एका जहाजाच्या रेडिओ रूममधलं. जहाज मोडीत निघाल्यावर अलंगच्या भंगारवाल्याकडून नानांनी घेतलं. तबकडीवर लाल रंगाच्या दोन पाचरी आहेत, पंधरा ते अठरा मिनिटं आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस, शिवाय दोन हिरव्या. लहानपणी मला तो शोभेचा रंग वाटायचा.

"दर तासाला ही तीन-तीन मिनिटं ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या कुठल्याही जहाजाने तोंड उघडायचं नाही," नाना म्हणाले. "नुसतं ऐकायचं. कुणाचा सेट मोडकळीला आलाय, बॅटरी संपत आलीय, तो बारीक आवाजात हाक मारत असेल, तर ती या तीन मिनिटांत ऐकू यावी. हिरव्या पाचरी आहेत त्या टेलिफोनीच्या, २१८२ किलोहर्ट्झच्या. तुमच्या डबीला कधी तीन मिनिटं शांतता दिलीत?"

त्यावर नवऱ्याने वाद घातला नाही. त्याला प्रयोग कळतो.

दुपारी खाचराच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. तिच्यावर ड्रोन. पंखे आधी काढून ठेवले, कारण चुकून मोटार फिरली तर पहिलं बोट तिथेच जातं. डबीला लॅपटॉप जोडला. पडद्यावर प्रत्येक उपग्रहाची एकेक उभी पट्टी आणि तिच्यावर आवाज किती स्वच्छ येतोय त्याचा अंक. मी वाणसामानाच्या वहीत लिहायला बसले. ते पान अजून आहे, तूरडाळ दोन किलोच्या खाली.

नुसती डबी चालू: पंधरा उपग्रह, डोक्यावरच्यांचे अंक ४२ ते ४४. तीन मिनिटं थांबलो. नाना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. टेलिमेट्रीचा रेडिओ चालू: फरक नाही. व्हिडिओ पाठवणारा ट्रान्समीटर चालू: एखाद्या अंकाने खाली, इतकंच. कॅमेरा चालू: तेवढंच. नवऱ्याच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं' उमटायला लागलं होतं.

"आता उडवताना करता ते सगळं करा," नाना म्हणाले.

"सगळं झालं."

"फोटो कोण काढतं मग?"

नवऱ्याने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. पट्ट्या माझ्या डोळ्यांदेखत बसल्या. ३६, ३१, २९, २७. पंधराचे सात झाले. बटण पुन्हा दाबून रेकॉर्डिंग थांबवलं: चाळीसच्या वर. पुन्हा चालू: सत्तावीस. हे डेसिबलचे अंक आहेत, पंधराने खाली म्हणजे सुमारे तीसपट वाईट. नवऱ्याने कॅमेऱ्याचं वायफाय बंद करून पाहिलं, काही फरक पडला नाही. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, उपग्रहाचा आवाज १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. त्रास वायफायचा नव्हता. चित्रं भराभर साठवताना कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोसेसर आणि मेमरी कामाला लागतात, त्यांच्या ठोक्यांच्या पटीतले आवाज वरपर्यंत जातात, आणि त्यातला एखादा नेमका याच खिडकीत पडतो. वीस हजार किलोमीटरवरून आलेल्या बारीक आवाजाच्या कानाशी, वीतभर अंतरावर, हा बडबड करणारा पाहुणा.

"घरी टेबलावर इतक्या वेळा तपासलं," नवरा म्हणाला. "पण टेबलावर रेकॉर्डिंग कशाला चालू करीन? कार्ड भरतं."

खरी गंमत यात होती. त्याचा क्रम असा असायचा: बॅटरी लावायची, उपग्रह मिळेपर्यंत थांबायचं, परत येण्याची जागा नोंदली गेली की उडण्याची तयारी, आणि सगळ्यात शेवटी, कार्ड वाचावं म्हणून, रेकॉर्डिंग. म्हणजे तपासणी पूर्ण झाल्यावर बिघाड चालू व्हायचा. मग आधीची दोन वर्षं कशी गेली? तर दिवाळीत कॅमेरा नवा घेतला होता. हे त्याला आत्ता आठवलं. मला आधीपासून माहीत होतं, कारण माझ्या वाढदिवसाच्या नावावर घेतला होता.

स्वयंपाकघरातून मी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणून दिलं. कॅमेरा आणि डबी यांच्या मध्ये त्याची दुपदरी घडी, बॅटरीच्या टोकांपासून लांब. सत्तावीसचे चौतीस झाले. डबीची काडी चार बोटांची वीतभर उंच केली: एकोणचाळीस. फॉइल तात्पुरतं. पुढे तिथे तांब्याची चिकटपट्टी आली आणि तिला कॅमेऱ्याच्या अर्थला जोडलं. नानांच्या भाषेत 'अर्थिंगशिवायचं शील्डिंग म्हणजे नुसता पडदा'.

एवढं होऊन नवरा म्हणाला, "तरी मी नवी डबी घेणार."

"का?"

"ती ११७६.४५ वरही ऐकते. कॅमेऱ्याचा आवाज एका खिडकीत आला तरी दुसरी मोकळी राहील. शिवाय दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या की आयनोस्फिअरची चूकही बरीचशी वजा करता येते, तुमचा सूर्यास्तानंतरचा गोंधळ तेवढा सोडून. दोन कान असलेले काय वाईट?"

"आधी कानाशी वाजणारा ढोल हलवा."

"हलवला की."

मला विचाराल तर इथे नवऱ्याचं बरोबर होतं. नाना हटवादीपणा करत होते. ढोल हलवल्यावरही दुसरा कान उपयोगी पडतोच. पण ते दोघं मला विचारत नाहीत.

पुढच्या शनिवारी पुन्हा खाचर. आकाश मोकळं, उपग्रह सोळा, रेकॉर्डिंग चालू असताना सोळा. ड्रोन दहा मीटर वर गेला, क्षणभर स्थिर झाला आणि गोल फिरायला लागला. स्वतःभोवती नाही, एका अदृश्य खांबाभोवती. आधी परातीएवढं वर्तुळ, मग विहिरीएवढं, मग त्याहून मोठं.

"परत गेले का उपग्रह?" नानांनी विचारलं.

"नाही!" नवरा ओरडला. "वाऱ्याबरोबर सरळ गेला तर जीपीएस. वाढत्या गोलात फिरला तर होकायंत्र." आणि बोलता बोलता त्याने रिमोटवरचा खटका पाडला. जीपीएस बाजूला, नुसती उंची. ड्रोन गोल सोडून तिरका निघाला. नवऱ्याचे दोन्ही अंगठे काड्यांवर, जीभ दातांत. थोडं इकडे, जास्त झालं, थोडं तिकडे. शेवटचे दोन मीटर तो वेडावाकडा आला आणि धसकटांत बसला, पण बसला. त्याने कोणत्या मोडवर उतरवला याचा उल्लेख त्याने केला नाही. नानांनीही नाही. मी चहा ओतला.

गोल का, तर त्याच डबीत होकायंत्रही असतं. जीपीएसने सांगितलं की तू जागेपासून मीटरभर दक्षिणेला सरकलास, तर ड्रोन उत्तरेला जाऊ बघतो. पण त्याची उत्तर जर तीस-चाळीस अंशांनी तिरकी असेल, तर तो जातो वायव्येला. मग पुन्हा दुरुस्ती, तीही तिरकी. प्रत्येक दुरुस्ती थोडी वाकडी पडत गेली की त्याचा गोल होतो. हौशी मंडळी याला टॉयलेट बाउल म्हणतात. नानांनी मराठी करून घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

"उत्तर तिरकी कशाने झाली?" त्यांनीच विचारलं. मग काहीतरी आठवून ते आत गेले आणि खिशातलं जुनं होकायंत्र घेऊन आले. काडी उंच करताना नवऱ्याने लांब स्क्रू वापरले होते, दुकानात मिळाले ते. नानांनी त्यातला एक काढून सुईजवळ नेला. सुई खाडकन त्याच्याकडे वळली. पोलादी, वर चुंबक लावलेल्या स्क्रूड्रायव्हरने पिळलेले. बरं, काडी बदलल्यावर होकायंत्राचं कॅलिब्रेशन केलं होतं कुठे? पावसाळ्यात घातलेल्या नव्या ओट्यावर, ज्याच्या पोटात सळया आहेत.

"तुम्हाला ती वेधशाळा माहीत आहे ना, आपली अलिबागची?"

नवऱ्याला बाहेरून माहीत होती. मग नानांनी सांगितलं, आणि हे सांगताना ते कुणाशी भांडत नव्हते. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया हलतील हे उघड होतं. नानाभाई मूस तिथले संचालक, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी ट्रामशी भांडण काढलं नाही की सुया बदलल्या नाहीत, उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला हलवली. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुन्या नोंदींना नव्या नोंदी जोडता याव्यात. ट्राम १९०७ ला धावली. आणि अलिबागची इमारत बांधली ती पारखून घेतलेल्या पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून.

"आपला काळा दगड का नाही?" मी विचारलं.

"काळ्या दगडात लोह असतं," हे नवऱ्याने सांगितलं. "बेसॉल्ट. थिजताना त्या वेळच्या पृथ्वीचं चुंबकत्व धरून बसलेला. गडावर उघड्या कातळावर कॅलिब्रेशन केलं तर होकायंत्र फसू शकतं. माथ्यावर वीज पडलेली असली तर आणखीच."

नाना त्याच्याकडे बघत होते. हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी पुन्हा फोन परत दिला, फक्त या वेळी हातात फोन नव्हता.

मग त्यांच्या खोलीतला बिस्किटांचा डबा आला. आत जहाजावरचे पितळी स्क्रू, वॉशर, मोर्सच्या की-चा एक सुटा खटका. चार स्क्रू मापाचे निघाले. दोन थोडे लांब, ते कानशीने घासले. कॅलिब्रेशन खाचरात, ओट्यापासून, गाडीपासून आणि नवऱ्याच्या खिशातल्या फोनपासून लांब. तो फोन मी धरला होता. ड्रोन वर गेला, थांबला, आणि काड्या सोडल्यावर थांबूनच राहिला. नवऱ्याने मागे वळून पाहिलं. नाना पोफळींकडे बघत होते.

नवी डबी पुढच्या गुरुवारी आली, तीही वाडीच्या पत्त्यावर. नवरा पुण्याला, मी अजून इथेच. "पार्सल उघडू नका, मी येतो," असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा नाना कात्री ठेवत होते.

"यात आपला इस्रोचा पण ऐकू येतो म्हणे," मला म्हणाले. "नाविक."

"एका नाविकाला दुसरा ऐकायचाय," मी म्हटलं. त्यांना विनोद आवडला नाही, किंवा ऐकू आला नाही.

प्लॅस्टिकची खुर्ची खाचरात गेली. नवऱ्याने मागे ठेवलेला जुना लॅपटॉप तिच्या शेजारी स्टुलावर. नानांनी वायर जोडली, पडद्यावर पहिली पट्टी उगवली, दुसरी उगवली. मनगटावरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी फोन कानाला लावून नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी पडद्यावरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.